मामंजींचा माशांचा पाट

ती. मामंजी,

सुमनचा नमस्कार. पत्ता काय घालावा ते समजेना, म्हणून पाकीट आणलंच नाही.

परवा तुमचं वर्षश्राद्ध झालं. खिरीपाशी आत्याबाई स्वतः उभ्या होत्या. जेवणं उरकल्यावर पुरुषमाणसं बैठकीच्या खोलीत पान खात बसली आणि नगरहून आलेल्या माझ्या बाबांनी पुन्हा ती गोष्ट काढली. "आमच्या व्याह्यांनी तीस वर्षं कालव्यावर काढली," बाबा म्हणाले, "आणि कालवा फुटला तो त्यांच्या स्वतःच्या घरात, माझ्या मांडीवर." सगळे हसले. दारात उभी राहून मीही हसले. मग भांडी घासायला बसले, तर हात चालेना. तुमच्या मागं तुमची एवढी एकच गोष्ट लोक सांगतात, आणि तीच खोटी आहे.

तुम्ही निवृत्त होऊन घरी बसलात ते दिवस आठवतात? पाटकरी म्हणून लागलात आणि कालवा इन्स्पेक्टर होऊन उतरलात. आयुष्यभर शेतकऱ्यांना पाळीनं पाणी सोडलं, आता उरलो आम्ही. कोण किती तांबे अंगावर घेतो ते तुम्ही मोरीबाहेर उभे राहून ऐकायचात. "सूनबाई, अकरा झाले," असं बाहेरून ऐकू आलं की माझा साबण हातातून सुटायचा. आत्याबाई आपल्या लेकाला, यांना, म्हणाल्या, "तुझ्या बाबाला कुटंतरी कामाला लाव रं, न्हाईतर मी तरी जाते कामाला."

तेवढ्यात यांच्या कारखान्यातल्या एका साहेबांची बदली झाली. जाताना ते काचेची पेटी आणि तिच्यातले चार सोनेरी मासे आमच्या गळ्यात घालून गेले. "माळ हाय माझ्या गळ्यात," आत्याबाई म्हणाल्या. "ह्या घरात मासं?" तुम्ही म्हणालात, "खायाचं न्हाईत, बघायचं हायेत." त्या आठवडाभर पेटीकडे पाठ करून बसल्या. आठव्या दिवशी मी पाहिलं तर कणकेच्या बारीक गोळ्या करून पाण्यात टाकत होत्या आणि कोणता मासा हावरा आहे ते मला सांगत होत्या.

साहेबांनी बजावलं होतं की दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायचं. ते काम माझ्याकडे आलं. दर रविवारी मगानं उपसून दोन बादल्या बाहेर, दोन बादल्या आत. मला पाचवा महिना होता. एका रविवारी बादली मध्येच ठेवून मी कमरेवर हात धरून उभी राहिले. तुम्ही पेपर वाचत होतात. पेपर खाली घेतलात, माशांकडे बघितलंत आणि त्यांनाच म्हणालात, "हे काय बराबर न्हाई." माझ्याकडे बघून का नाही म्हणालात? सुनेची कंबर दुखते हे बोलायला तुम्हाला जड गेलं असेल. दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजारातून रबरी नळी, पितळेच्या दोन तोट्या आणि तेलाचे दोन रिकामे डबे घेऊन आलात.

पंधरा दिवस घराचं पाटबंधारे खातं झालं होतं. पेटीच्या वर फळी ठोकलीत, तिच्यावर तोटी बसवलेले दोन डबे. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, म्हणून ते आदल्या दिवशी डब्यात भरून वास उडू द्यायचा. दुसरी नळी पेटीतून निघून खिडकीच्या चौकटीवरून बाहेर अळूच्या वाफ्यात. तिचं आतलं टोक बरोबर तिसऱ्या हिश्शाच्या खुणेवर बांधलेलं, म्हणजे पाणी तिथवर उतरलं की नळी आपोआप थांबणार. मासा ओढला जाऊ नये म्हणून टोकाला आत्याबाईंच्या जुन्या लुगड्याची चिंधी. बाहेर उकिडवे बसून तुम्ही नळी तोंडानं ओढलीत आणि पहिला घोट थेट तुमच्या पोटात गेला.

"कसं हाय?" आत्याबाईंनी विचारलं.

"कालव्यापरीस बरं हाय," तुम्ही म्हणालात.

त्या रविवारी मी खुर्चीत बसून नुसती बघत होते. पाणी खुणेपर्यंत उतरलं, नळी घुरघुरली आणि थांबली. तुम्ही तोट्या उघडल्यात आणि पेटी भरली. माझ्या हाताला पाण्याचा थेंब लागला नाही.

तिथंच थांबला असतात तर? पण तुमच्या मनानं घेतलं की माशांना पाणी कमी झाल्याचं कळताही कामा नये. एकीकडून जावं, एकीकडून यावं, दोन्ही एकदम. तेही जमलं. आणि सातव्या महिन्यात मला माहेरी न्यायला आई-बाबा आले, तेव्हा व्याह्यांना ते दाखवायचं ठरलं.

बाबांना पेटीच्या खालीच गादीवर बसवलं होतं. टोपी काढून त्यांनी शेजारी उलटी ठेवली होती. तुम्ही बाहेरची नळी सुरू करून आत आलात, वरच्या दोन्ही तोट्या उघडल्यात आणि पेटीकडे पाठ करून सांगायला लागलात. त्याच वेळी मी चहा घेऊन आले. बाहेर फुफाटा सुटला होता, कपांत धूळ जायला लागली. मी खिडकीचं एक दार ओढून घेतलं आणि पोहे आणायला आत गेले.

नळी त्या दारात चेमटली, मामंजी. बाहेर जाणारं पाणी तिथंच अडलं आणि वरून येणारं येतच राहिलं.

"पानी मानसावानी हाय," तुम्ही बाबांना सांगत होतात. "वाट दिली की कुनाला तरास देत न्हाई." तोवर पाणी काठावरून गादीत उतरत होतं. बाबा सभ्य माणूस. आधी त्यांना वाटलं, आपलाच चहा सांडला. ते जरा सरकले, मग आणखी सरकले, व्याही एवढं मनापासून बोलतायत तर मध्ये कसं बोलावं म्हणून धोतर ओलं होईपर्यंत माना डोलवत राहिले. मग तो हावरा मासा काठावरून आला आणि बाबांच्या टोपीत पडला.

आई किंचाळली. यांनी टोपी उचलली आणि हातातून सोडली. पुढं झाल्या त्या आत्याबाई. माळकरी बाई, पण उघड्या हातानं मासा उचलून त्यांनी तांब्यात टाकला, तांब्या तुमच्या हातात दिला आणि तडक आंघोळीला गेल्या. सगळे तांब्यात बघत होते, तेवढ्यात मी पोह्यांच्या बशा ठेवून खिडकी हळूच परत ढकलली. अळूत पाणी धो धो पडायला लागलं.

तुम्ही तो आवाज ऐकलात. खिडकीकडे बघितलंत, मग माझ्याकडे. आई-बाबांच्या देखत, सातव्या महिन्यात, आता काय ऐकावं लागणार म्हणून मी जमिनीकडे बघत उभी राहिले.

तुम्ही बाबांना म्हणालात, "उताराचा अंदाज चुकला माझा."

नुसत्या नजरेनं कोसभर पाटाचा उतार सांगणारा माणूस तुम्ही. दुसऱ्या दिवशी, मी निघायच्या आधी, तुम्ही त्या चौकटीत लाकडी ठोकळा ठोकलात. खिडकी पुरती लागेचना. "हवा खेळती पायजे," म्हणालात. म्हणजे तुम्हाला सगळं कळलं होतं, आणि ते मलाही कळलं, तरी मी गप्प बसून बसस्टँडवर गेले. आधी भीती होती. पुढं सवय झाली.

लेकीला, मंगलला, घेऊन परत आले तेव्हा पाऊस दगा देऊन गेला होता. नळाला तीन दिवसांआड पाणी. पेटी रिकामी दिसली. आत्याबाईंनी सांगितलं की नळावरच्या रांगेत कोणी बाई म्हणाली, "हितं घोटाला पानी न्हाई आन् इन्स्पेक्टरचं मासं न्हात्यात." दुसऱ्या दिवशी चौघांना कळशीत घालून शाळेच्या विहिरीत सोडून आलात आणि दिवसभर जेवला नाहीत. चार माशांसाठी, असं लोक म्हणाले. मला हसू आलं नाही.

डबे मात्र तुम्ही न्हाणीच्या भिंतीवर नेले होते. "लेकरू पायावर घेतलं की बाईला हात ऱ्हात न्हाई," म्हणालात. अर्ध्या डब्यात मंगलची आंघोळ व्हायची. उन्हात तापलेलं पाणी नळीनं बारीक धारेनं यायचं आणि ती डोळे मिटून घ्यायची. रांगेतल्या बाईनं आणखी काही बोलू नये म्हणून ते पाणी ज्या अळूला जायचं, त्याची पानं तुम्ही गल्लीत वाटलीत. ती बाई तीन आठवडे अळूच्या वड्या खात होती.

तिथंच एकदा मी धीर केला होता. "मामंजी, त्या दिवशी ती खिडकी..." एवढंच म्हणाले. तुम्ही तोटी आवळत होतात.

"नळी धर," म्हणालात.

मी नळी धरली. पुरतं का बोलू दिलं नाहीत मला? आणि मी तरी पुन्हा का नाही बोलले? पुढं सवड होती असं वाटलं. तुम्ही तर सकाळी चहा घेतलात आणि दुपारी गेलात.

येत्या गुरुवारी बाबा इकडं श्रीरामपूरला कामासाठी येणार आहेत, जेवायला आपल्याकडेच. ते गोष्ट काढतीलच, यांचे कारखान्यातले दोघे मित्रही असतील. त्यांना पुरती सांगू देईन. मग सगळ्यांसमोर, आत्याबाईंसमोर सांगेन की खिडकी मी लावली होती. बाबा रागावतील, हे हसतील, आत्याबाई काय करतील ते सांगता येत नाही. पण सांगेन, हा शब्द देते.

उतार बरोबर होता, मामंजी.

तुमची सून,
सुमन