मितूने काढलेले पत्ते

२ मार्च, रविवार

अठ्ठावीस लँड! तिघंही हसलो. मी सगळ्यात मोठ्याने, पण कान गरम झाले होते.

प्रसादकडे गेलो होतो, खांदेश्वरला. शाळेपासूनचा मित्र. अजून त्याच घरात आहे — तो, त्याची बायको क्षिप्रा आणि सरोजिनीकाकू, त्याची आई. महिनाभर मागे लागला होता, पत्त्यांचा एक खेळ शिकलोय, ये. चौघांनी बसायचं. प्रत्येकाने शंभर पत्त्यांचा डेक घरून बांधून आणायचा. त्यातला एक कमांडर, तो कायम समोर. बाकीचे नव्याण्णव, लँड सोडले तर, सगळे वेगळे. लँडचे पत्ते मांडले की ताकद मिळते, त्या ताकदीवर बाकीचे खेळायचे.

मी प्रसादच्या खोक्यातून आठवडाभर निवडून डेक बांधला. ड्रॅगन, राक्षस — जे जे मोठं दिसलं ते सगळं. आणि लँड फक्त अठ्ठावीस. मग काय, हातात सात राक्षस धरून दीड तास बसलो. एकही खाली उतरला नाही.

चौथा भिडू नव्हता, तिघंच खेळलो. काकूंनी घावन केले होते. एकोणचाळीस वर्षांचा झालो तरी ‘दत्तू, अजून दोन घे रे’ चालूच.

४ मार्च, मंगळवार

परवापासून एकच डोक्यात. आम्ही हे आधी खेळलोय! डेक बांधणं वगैरे शब्द माहीत नव्हते, एवढंच.

आठवी-नववी. प्रसादची गॅलरी. खाली मोकळा प्लॉट, पलीकडे अर्ध्या बिल्डिंगा रिकाम्या, खिडक्यांना काचासुद्धा नाहीत. आम्ही तिघं — मी, प्रसाद आणि संघमित्रा. तिला सगळे मितू म्हणायचे. तिचे बाबा छापखान्यात होते, ते लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे तुकडे आणायचे. मितू त्यावर पत्ते काढायची. स्केचपेनने. ‘लाइट गेली’ — हा टाकला की समोरच्याची एक पाळी बंद. ‘वॉचमन झोपला’. ‘हेडसरांची शिट्टी’. ‘पाण्याचा टँकर’ — हा सगळ्यांना हवा असायचा. प्रत्येकाने ढिगातून आपले तीस निवडायचे आणि खेळायचं. नियमही तिचेच.

सुट्टीत सकाळी नऊला बसायचो ते जेवायला हाक येईपर्यंत. गॅलरीच्या फरशीचा गारवा अजून मांड्यांना आठवतो. त्यानंतर मी इतका मन लावून काही खेळलोय असं वाटत नाही.

नववी संपता संपता तिचं येणं बंद झालं. काकूंना चालत नव्हतं. जुनी माणसं.

९ मार्च, रविवार

चौथा मिळाला, प्रसाद म्हणाला. मिळाला नाही, मिळाली. सीवूड्सला एका कॅफेत शनिवारी असले खेळ चालतात, तिथे त्याला भेटली. संघमित्रा. तिथे सगळे तिला घाबरून असतात म्हणे. ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते, तिथेच सीवूड्सला राहते. खेळ कुठे चालतो ते विचारलं तिने. प्रसाद म्हणाला, आमच्याच घरी, खांदेश्वरला. ‘त्याच घरी?’ तिने विचारलं. मग म्हणाली, येते.

प्रसाद इतका खूश! मीही खूश आहे. का नसावं?

१६ मार्च, रविवार

आली.

केस थोडे पिकलेत. बाकी तीच — बसल्या बसल्या पत्ते पिसायला घेतले, बोटं तशीच झरझर. मला म्हणाली, दत्तू, जाड झालास. बरं वाटलं.

काकू आतून धावतच आल्या. ‘मितू गो! कुठे होतीस इतकी वर्षं?’ तिला जवळ घ्यायला हात पसरले. मितूने तेवढ्यात वाकून नमस्कार केला आणि लगेच मागे सरकली. बोलली अगदी नीट, अहो-जाहो करून. पण चहा नको म्हणाली. घावन नको. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. काकू ताटली घेऊन जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या, मग आत गेल्या.

डाव तिनेच जिंकला. अर्धा तास तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, समोर किडूकमिडूक चार पत्ते. मी आणि प्रसाद एकमेकांना बदडत बसलो. आणि मग एकाच पाळीत तिने तिघांनाही संपवलं.

२२ मार्च, शनिवार

सीवूड्सला जाऊन तिच्याकडून शिकलो. फूड कोर्टात टेबल पकडलं, माझे शंभर पत्ते पसरले. तिने चष्मा लावून पेपर तपासल्यासारखे तपासले.

आधी लँड. शंभरात सदतीस ठेव, म्हणाली, म्हणजे पहिल्या सात पत्त्यांत सरासरी अडीच येतात. अठ्ठावीस ठेवलेस तर दोनसुद्धा नाहीत. मग नवे पत्ते ओढून देणारे आठ-दहा. मग समोरच्याचा पत्ता उडवणारे आठ-दहा. ते माझ्याकडे दोनच होते. तिचं म्हणणं, डेक म्हणजे तू काय करणार एवढंच नाही. समोर तिघं बसलेत. ते काय करतील आणि त्यावर तुझ्याकडे उत्तर काय, ते आधी बघायचं.

जागा करायला ड्रॅगन काढावे लागणार. एकेक काढताना मी कारणं देत होतो — हा राहू दे, याचं चित्र भारी आहे. ती हसली. म्हणाली, ‘जो काढताना इतकं बोलावं लागतं ना, तो बहुतेक काढायचाच असतो.’

एकवीस पत्ते गेले. डेक हलका वाटतोय. मलाही हलकं वाटलं, शाळा सुटल्यासारखं. कॉफी तिने पाजली. इथे पीत होती सगळं.

३० मार्च, रविवार

पाडवा. डाव नाही. ईश्वरी म्हणते, सकाळपासून पत्ते मांडून बसलायस, गुढी बायकोनेच उभारायची का? मी उभारली. श्रीखंड खाऊन परत पत्ते.

६ एप्रिल, रविवार

सदतीस लँड, आणि खरंच — प्रत्येक पाळीला काहीतरी करता येतं! हाच आनंद वेगळा.

पण एक झालं. माझ्याकडे मोठा राक्षस उतरला. मी त्याला मितूवर सोडला. पुढच्या पाळीला परत मितूवर. तिसऱ्यांदा सोडला तेव्हा तिने पत्ते खाली ठेवले. चिडली नव्हती. म्हणाली, दत्तू, टेबल बघ, पुढे प्रसाद आहे. मला का मारतोस?

बघितलं तर खरंच. प्रसादच्या समोर सगळी फौज आणि तिच्यासमोर काहीच नाही. मी म्हटलं, सवय, तू जिंकतेस ना नेहमी. क्षिप्रा हसली. मितू नाही हसली.

ती गेली पहिली बाहेर. नंतर प्रसादने आम्हा दोघांना आरामात गुंडाळलं. तिचं बरोबर होतं. एकाला आधीच ठरवून बाहेर काढलं की डाव तिसऱ्याच्याच हातात जातो.

१३ एप्रिल, रविवार

मितू नाही. उद्या चौदा एप्रिल, जयंती, तिच्या कॉलनीत तयारी. तिघंच खेळलो. अळणी.

२० एप्रिल, रविवार

जुने पत्ते निघाले. म्हणजे आठवणीतले. क्षिप्राला सांगत होतो — लाइट गेली, हेडसरांची शिट्टी — ती हसून लोळत होती. मितूही रंगात आली. ‘पाण्याचा टँकर’ कसा काढला होता ते तिने हवेत बोटाने काढून दाखवलं. दोन मिनिटं आम्ही चक्क त्या गॅलरीत होतो.

मग प्रसाद सहज बोलून गेला, अरे, अकरावीपर्यंत खेळायचो आपण, कोपरे फाटले तरी. पुढे कुठे गेले कोण जाणे.

मितू म्हणाली, ‘दोनशे बारा होते.’

एवढंच. आकडा. तिचं येणं बंद झालं त्यानंतर दोन वर्षं आम्ही तिनेच काढलेले पत्ते खेळत होतो. तिला परत द्यावेत असं एकदाही सुचलं नाही.

२७ एप्रिल, रविवार

पाणी प्यायला आत गेलो तर काकू ओट्याशी. मला म्हणाल्या, दार लोट जरा. हळूच विचारलं.

‘दत्तू, ती माझ्या हातचं काही घेत नाही रे. घोटभर पाणीसुद्धा नाही. तेव्हाही अशीच एकाएकी यायची बंद झाली. माझं काही चुकलं का?’

त्या तेव्हाचं सांगत बसल्या. मितू यायची बंद झाली तेव्हा त्यांनी दोनदा प्रसादला विचारलं होतं. त्याला माहीत नव्हतं. मला विचारलं तर मी म्हणालो होतो, तिचा अभ्यास असतो. तिला थालीपीठ आवडायचं म्हणून एकदा डब्यात भरून तिच्या बिल्डिंगखालपर्यंत गेल्या होत्या. मग वाटलं, बोलावल्याशिवाय कसं जायचं. परत आल्या.

मी म्हटलं, काही नाही काकू, ती कॉलेजातली बाई, बाहेरचं खात नसेल. ग्लास विसळून ठेवला आणि बाहेर आलो.

३० एप्रिल, बुधवार

कामावर तीनदा एकच माप घेतलं. तीनदा वेगळं आलं.

४ मे, रविवार

जिंकलो! पहिल्यांदा. या वेळी मितूला आधी नाही, प्रसादला आधी बाहेर काढलं. त्याची फौज उडवणारा पत्ता तीन पाळ्या हातात दाबून ठेवला होता. शेवटी मी आणि मितू दोघंच उरलो आणि एका गुणाने मी. तिने हात पुढे केला. ‘आता तुला डेक बांधता येतो.’

हे लिहूनच थांबावं असं वाटतंय. पण पुढचंही झालंय.

स्टेशनपर्यंत दोघं चालत निघालो. ऊन उतरलं होतं. पूर्वी रिकाम्या होत्या त्या बिल्डिंगा आता जुन्या झाल्यात, गॅलऱ्यांना जाळ्या, वाळत घातलेले कपडे. मी म्हटलं, इथे प्लॉट होता. ती म्हणाली, हो, आणि इथे तू मला सांगितलंस.

मला वाटलं, आता विचारेल. तिने विचारलं नाही. वेगळंच बोलली.

‘तुला एक सांगायचं होतं. त्या घरात पाय ठेवताना मला अजून त्रास होतो. प्रसाद चांगला आहे, क्षिप्रा चांगली आहे. पण त्या माऊली समोर आल्या की मी चौदा वर्षांची होते. त्या आता इतकं प्रेमाने करतात, तर जास्तच. पण तू तेव्हा सांगितलंस ते बरं केलंस. निदान एकजण तरी माझ्याशी खरं बोलला.’

मी म्हटलं, गाडी आली.

५ मे, सोमवार

निदान एकजण तरी.

११ मे, रविवार

प्रसादला कळवलं, ताप आहे. ताप नाही.

क्षिप्राचा मेसेज — मितूताई विचारत होत्या, डेकमध्ये काही बदललंस का. काकूंनी माझ्यासाठी आंबे बाजूला काढून ठेवलेत.

१४ मे, बुधवार

ईश्वरीने पेटी साफ करताना विचारलं, या इतक्या वह्या कशाला जपल्यास? नववीची रोजनिशी निघाली. मार्चचं पान काढलं, ती यायची बंद झाली तेव्हाचं. रोज काय केलं — खेळलो, जिंकलो, मजा. सलग अकरा दिवस. मितूचं नाव एकाही दिवशी नाही. इतक्या लहानपणीही मला कळत होतं, काय लिहायचं नाही ते.

१७ मे, शनिवार

काकू कधीच काही म्हणाल्या नव्हत्या.

मी बनवलं ते. त्या प्लॉटपाशी उभा राहून तिला म्हणालो होतो — ‘प्रसादच्या आईला तू घरात आलेली चालत नाही.’ का, ते तिने विचारलं नाही. तिला विचारायची गरज पडणार नाही हे मला माहीत होतं. म्हणूनच तेच वाक्य निवडलं.

आज सकाळी सीवूड्सला जाऊन तिला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, ‘का?’

म्हटलं, तू सारखी जिंकायचीस.

ती उठली, पर्स घेतली, स्टेशनकडे चालू लागली. मी मागून विचारलं, कुठे?

‘खांदेश्वरला. त्यांच्याकडे.’

मला चल म्हणाली नाही.