न पाहता सांगितलेल्या शेअरबाबत

टक्. चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत धरून कानाजवळ तोडला, की चांगला धागा असा बोलतो. हलका धागा मुकाट तुटतो. १९७१ साली आर्णीच्या जिनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, तिथले जुने ग्रेडर रामलालजी यांनी हा आवाज मला पहिल्यांदा ऐकवला आणि त्यावर माझे छत्तीस वर्षे पोट चालले. आता कानाला यंत्र आहे, तरी तो आवाज येतो.

मी डोमाजी लक्ष्मण नगराळे, वय ७३, निवृत्त कापूस ग्रेडर, राहणार आर्णी, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. भीती मात्र आहे. "भेलेल्या माणसाचं मृत्युपत्र चालते का?" असे वकिलांना विचारले, तर म्हणाले, "काका, न भेता कोण लिहिते?"

कलम १. तीन खोल्यांचे राहते घर मुलगा संघदीप व मुलगी दीपा यांना समसमान. पत्नी प्रभावती सहा वर्षांपूर्वी गेली, त्यामुळे तिसरा वाटा नाही. अंगणातल्या जांबाच्या फांद्या भिंतीपलीकडे गेल्या म्हणून शेजारी इंद्रजित यांनी अकरा वर्षे बोलणे टाकले आहे. त्या बाजूची फळे त्यांचीच. मी गेल्यावर तरी खावीत.

कलम २. धागा मांडून मोजायचा काळा मखमली पाट आणि पितळी पट्टी नात अर्पिता हिला. काचेच्या कपाटात ठेवू नये, वापरावी. शाळेची कवितांची पुस्तके दीपाला. चौथीच्या पुस्तकातले फाटलेले पान मी आठवून शाईने लिहून चिकटवले आहे. त्यात एक ओळ कमी पडते असे प्रभावती म्हणायची. ती ओळ मला अजून सापडली नाही.

कलम ३. शेअर. इथे खाडाखोड झाली आहे, सांभाळून घ्यावे.

दोन वर्षांपूर्वी मोबाईलवरच्या एका ग्रुपमध्ये मला कोणीतरी घातले. तिथले 'सर' रोज सकाळी आठला शाळेतल्या एखाद्या कवितेच्या चार ओळी टाकत आणि नऊला कोणता शेअर घ्यायचा ते सांगत. त्या ओळी वाचून मी पाटी-दप्तराच्या दिवसांत जायचो. ज्याला पाचवीची कविता पाठ आहे तो माणूस खोटे बोलणार नाही, असे मी धरून चाललो. त्या सरांना मी कधी पाहिले नाही. माझ्या बचतीचा निम्मा भाग त्यांनी सांगितलेल्या एका तेल कंपनीत गेला.

मी तो माणूस, ज्याने बैलगाडीच्या बुडाशी कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय एक किलो कापूस घेतला नाही! वरचा थर सगळेच पांढरा लावतात.

भाव पडू लागला, विकायला काढला तर घेणारा कोणी नाही, तेव्हा दीपाने कंपनीचा वार्षिक अहवाल मोबाईलवर उघडून दिला. फुकट होता, दहा मिनिटे लागली. सरकीचे तेल काढणारा कारखाना, आणि विजेचा वर्षाचा खर्च एखाद्या पिठाच्या गिरणीएवढा. अहवालातला पत्ता वणीजवळचा निघाला. एसटीने गेलो. कुलूप लावलेले शेड, आत बकऱ्या. चौकीदार म्हणाला, "काका, इथं काहीच बनत नाही. बोर्ड तेवढा दर साली रंगवते." एका दिवसात जाऊन आलो. हीच एसटी आधी पकडता आली असती.

म्हणून अट: माझ्याकडून एक रुपयाही मिळणाऱ्याने कोणाच्या सांगण्यावरून शेअर घेऊ नये. तीन वर्षांचे अहवाल स्वतः वाचावेत, कर्ज किती, माल कोण घेतो, मालकांनी स्वतःचे शेअर गहाण टाकले का, हे पाहावे. कळले नाही तर घेऊ नये. न कळणे ही लाज नाही.

कलम ४. हे कलम मी तीनदा फाडले.

माझे मित्र बबनराव गुल्हाने, निवृत्त एसटी ड्रायव्हर, यांनी माझ्या सांगण्यावरून हाच शेअर घेतला. पैसे त्यांच्या पत्नी विमलताई यांच्या दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले होते. घेण्याआधी त्यांनी मला पानठेल्यावर विचारले होते, "डोम्या, तू गाडीच्या बुडात हात घातल्याबिगर कापूस घेत नव्हता. हे बी पाह्यलं असशीन ना?"

मी म्हणालो, "पाह्यलं."

मी पाहिले नव्हते.

सर खोटे बोलले ते पोटासाठी. मी कशासाठी बोललो? माझ्या हातावर त्यांचा इतका विश्वास, तो ऐकून गोड वाटले म्हणून. तेव्हापासून त्यांच्या मोटारसायकलचा आवाज आला की मी संडासात जाऊन बसतो. गेल्या आठवड्यात ते बाहेर उभे राहून ओरडले, "अबे, पोट खराब हाय का तुहं? रोजच?" मी नळ सोडून बसलो.

सबब, बँकेतील माझी मुदत ठेव संपूर्णपणे विमलताई बबनराव गुल्हाने यांना द्यावी. संघदीपने रागावू नये. रागावला तरी द्यावी. आणि माझा तो एक शब्द खोटा होता, हे माझ्या मरणानंतर बबनरावांना वाचून दाखवावे. जिवंतपणी सांगायची माझी छाती नाही. लाभार्थ्याचे कुटुंब साक्षीदार नको, असे वकील म्हणाले, तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले. मित्र असून बबनरावांना साक्षीला बोलवावे लागले नाही.

कलम ५. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने. जेवणावळ नको. कोणाला वाटल्यास लहानपणची एखादी कविता म्हणावी, अडखळली तरी चालेल.

ठिकाण: आर्णी
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार १: जीवन राठोड
साक्षीदार २: रवी मेश्राम
(दोघेही पाच वाजता येणार आहेत. सही त्यांच्यासमोर करायची आहे.)

आता चार वाजले आहेत. दारावर काठी वाजली. खिडकीतून पाहिले. विमलताई आहेत. सहा महिन्यांत ज्या अंगण ओलांडून बाहेर आल्या नाहीत, त्या दोन गल्ल्या चालत आल्या आणि माझ्या पायरीवर बसून धापा टाकत आहेत. एकट्याच.

"डोमाजीभाऊ, हाय ना घरी? हे तीन दिवसांपासून जेवून नाही राह्यले. काहून ते मले सांगत नाहीत. तुमाले माहीत असन."

गुडघ्यांचे पैसे गेले, हे त्यांना माहीतच नाही.

सही राहू द्या. मी कडी काढायला उठतो.