पाहुणीचा अर्ज

३ ऑक्टोबर, गुरुवार

आधी एक दुरुस्ती. सोमवारच्या नोंदीत मी लिहिलंय की माझ्या शिक्षणाला दादा "हो" म्हणाला. नीट आठवून पाहिलं. तो "बघू" म्हणाला होता, तेही टीव्हीवरची नजर न काढता. रोजनिशीत तरी खोटं नको. अर्थात दादाचं "बघू" म्हणजे बहुतेक वेळा "हो"च असतं. स्वतःच्या लग्नालाही तो आधी "बघू"च म्हणाला होता.

परिस्थिती अशी. मी इथे व्हिजिटर व्हिसावर आहे, म्हणजे काम करायला मनाई, मुदत ३० नोव्हेंबरपर्यंत. पाणी-तपासणीच्या दोन वर्षांच्या कोर्सला कॉलेजने घेतलंय, पत्र उशीखाली आहे. वर्ग जानेवारीत. मुदत संपायच्या आत व्हिजिटरचं स्टुडंट करून घेण्याचा अर्ज द्यायचा की झालं. अर्ज नऊ पानी. मला नऊ पानांचं काय! आमच्या घरात शाळेत टिकलेली मी पहिली, त्यामुळे दहाव्या वर्षापासून सगळ्यांचे अर्ज मीच भरते. आईची वीजजोडणी, दादाचा पासपोर्ट, दादाचा व्हिसा, वहिनीचा व्हिसा. एकही परत आलेला नाही.

संकल्प: रविवारी अर्ज तयार.

६ ऑक्टोबर, रविवार

तेरा प्रश्न झाले. अक्षर सुरेख. चौदावा प्रश्न: या देशात आल्यापासून आपण कोणतंही काम केलं आहे का, पगारी किंवा बिनपगारी?

"नाही" लिहायला पेन टेकवलं आणि साहेब उठले. साहेब म्हणजे दादाचा मुलगा, वय नऊ महिने. दूध, ढेकर, डायपर, अंघोळ, साहेबांचे कपडे, मग सगळ्यांचेच कपडे, दादाचा डबा. परत बसले तेव्हा चार वाजले होते आणि "नाही" लिहवेना. शेवटच्या पानावर सही आहे, वरील सर्व माहिती खरी आहे म्हणून.

वहिनीला सहज विचारलं, साहेबांना सांभाळणं हे काम धरायचं का. ती हसतच सुटली. म्हणाली, अगं आत्या ना तू, आत्याला कसलं आलंय काम! मग बाटल्या उकळून ठेव सांगून शिफ्टला गेली. ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे.

९ ऑक्टोबर, बुधवार, दुपारी १२.४०

कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांचं टेबल बघणाऱ्या बाईंना फोन केला. म्हटलं, माझ्या एका मैत्रिणीला चौदाव्या प्रश्नाबद्दल शंका आहे. बाई म्हणाल्या, मैत्रिणीला विचारा, एखाद्या दिवशी "आज मला जमणार नाही" असं तिला म्हणता येतं का. मागे साहेबांनी सूर लावला. बाईंनी विचारलं, मैत्रीण शेजारीच आहे वाटतं?

किती सोपी कसोटी! मी बीएस्सी आहे, प्रयोग करून बघते. सुटले.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

प्रयोग पहिला. काल रात्रीच वहिनीला सांगितलं की उद्या दहा ते बारा मला जमणार नाही. ती म्हणाली, खुशाल जा गं, कैदेत आहेस का तू? सकाळी नऊला लाँड्रीतून फोन, कुणीतरी आजारी पडलं. वहिनी एक चप्पल दारात, एक जिन्यात अशी पळाली.

निष्कर्ष: मला नाही म्हणता येतं. मंगळवारी येत नाही, इतकंच.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

प्रयोग दुसरा: साहेबांना ताप. तिसरा: दादाला डबल ड्युटी. चौथ्या दिवशी वहिनी घरी होती, पण पाय बादलीत सोडून बसली होती, म्हणून विचारलंच नाही. तो दिवस मोजणीत धरत नाही.

त्यापेक्षा चौदाव्या उत्तराला खुलासा जोडते. पहिला मसुदा अर्धं पान. चौथा सात पानं, माझ्या वेळापत्रकासह. वाचून पाहिलं तर घरच्यांविरुद्ध तक्रारच वाटते. पाचव्याची सुरुवात वहिनीच्या स्वभावाच्या कौतुकाने केली आहे.

६ नोव्हेंबर, बुधवार

अर्जाच्या खिडकीवर मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. तो दादाच्या कामावरच्या लॉकरमध्ये आहे, घरी हरवेल म्हणून. शिवाय दादाचं पत्र हवं, की बहीण शिकताना माझ्याकडे राहील. पत्र मी लिहूनच दिलं, त्याने नुसती सही करायची. तो म्हणाला, बघू. मग जेवताना विचारलं, तू कॉलेजात, तर साहेबांचं काय? म्हटलं, कॉलेज फक्त आठ ते चार. तो म्हणाला, अगं, दिवस तेवढाच असतो की.

त्याचा विरोध मुळीच नाही. त्याला फक्त तपशील लागतात.

आईचा फोन. म्हणाली, शीक बाई, खूप शीक, पण भावाच्या घरात आहेस, वहिनीचं मन मोडू नकोस. म्हणजे आईचा पाठिंबा आहे.

१८ नोव्हेंबर, सोमवार

पासपोर्ट आणायला दादा नवव्यांदा विसरला. सकाळी त्याच्या तळहातावर पेनने "पासपोर्ट" लिहून दिलं. संध्याकाळी हात स्वच्छ. कोल्ड स्टोरेजमध्ये दिवसभर हातमोजे असतात, त्याला तरी कसं दिसणार?

२६ नोव्हेंबर, मंगळवार

बाईंचा स्वतःहून फोन. मैत्रिणीचं ठरलं का? तीस तारखेला शनिवार आहे, खिडकी शुक्रवारी चारलाच बंद. म्हणाल्या, "हो" असेल तर "हो" लिहा, खाली दोन ओळी जोडा, पुढचं आपण बघू. कोरं मात्र ठेवू नका.

आठ वाजता लिहिलं. "हो." हलकं वाटलं.

सव्वाआठला वहिनी साहेबांना घेऊन शेजारी बसली. काय लिहिलंस म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. बराच वेळ ती साहेबांचा मोजा सरळ करत राहिली. मग म्हणाली, म्हणजे आम्ही तुला फुकट राबवायला आणलं, असं सरकारला कळवलंस? उद्या ते तुझ्या दादालाच विचारतील ना, की बहिणीला इथे कशाला बोलावलंस?

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. व्हाइटनर लावला. खाडाखोड चालत नाही असं पहिल्याच पानावर छापलंय. उद्या कोरा अर्ज आणते.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

पासपोर्ट आला! दादाने आपणहून आणला. सोबत त्याने मिळवलेला एक पानी अर्ज, व्हिजिटरची मुदत सहा महिने वाढवण्याचा. म्हणाला, कशाला जिवाला घोर लावून घेतेस, आधी हे भर, कॉलेज काही पळून जात नाही.

मी वीस मिनिटांत भरला. एकही खाडाखोड नाही. "कारण" या रकान्यापाशी दादा अडला, तिथे मीच सुचवलं: कुटुंबासोबत आणखी काही काळ घालवण्याची इच्छा. दादा म्हणाला, शिकलेल्या माणसाचं असं असतं बघ! वहिनीने मला जवळ घेतलं. तिचे डोळे ओले होते, माझेही.

अर्ज आणि पासपोर्ट उद्या तोच खिडकीवर नेणार आहे. साहेबांना टाकून मला जावं लागू नये म्हणून.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपारी ४.१०

अर्ज घेतला. निकाल यायचाय, पण दादा म्हणतो की मे अखेरपर्यंत निश्चिंत. पासपोर्ट पुन्हा लॉकरमध्ये. बाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, जानेवारीची जागा जाईल, पुढची बॅच सप्टेंबरमध्ये, प्रवेशाचा अर्ज नव्याने करावा लागेल. मैत्रिणीला सांगा, फोन करत राहा.

शांतपणे पाहिलं तर हेच बरं झालं. घाईत अर्ज केला असता तर चुकला असता. आता पाच महिने हातात आहेत, रोज एक प्रश्न घेतला तरी दोनदा भरून होईल. खिडकीवर मी स्वतः जाणार. वहिनीला त्या आठवड्याची शिफ्ट आत्ताच विचारली, ती म्हणाली, मे महिन्याचं आत्ता कोण सांगणार बाई. तरी दिवस पक्का, वेळ पक्की: सोमवार, १२ मे, सकाळी नऊ.