शाळेतून आणलेलं बाळ

मनीषनगर, नागपूर
दि. २१ जानेवारी २०२५

प्रिय धनश्री,

अनेक आशीर्वाद. तुझ्या नावामागं काय लिहावं, यातच दोन कागद फाटले. ‘सौ.’ लिहायचा हक्क आम्हीच घालवला आणि दुसरं काही लिहवेना. नुसतं नाव चालवून घे. संक्रांत होऊन आठवडा झाला. तुला तीळगूळ पाठवावा असं मनात होतं, हिंमत झाली नाही.

इकडे सगळे बरे आहेत. तुझी सासू गेली ते कानावर आलंच असेल. चैत्रात चार वर्षं होतील. खुशीचा बाप, पंकज, इतवारीतल्या त्याच कापडाच्या दुकानात आहे, आता गुडघे दुखतात म्हणतो. आपली ती जिन्यावरची खोली सोडून आम्ही इथं फ्लॅटमध्ये आलो. तुझी खुशी नववीत आहे. तुझ्याएवढी उंच झाली. गणितात बरी, स्वयंपाकात अगदी ढ, आणि हसताना तोंडावर हात धरते. ही सवय इथं कोणालाच नाही.

चौदा वर्षांनी नणंदेचं पत्र आलं म्हणजे तुला आधी पोरीचीच काळजी वाटली असेल. खुशी ठणठणीत आहे, हे मी पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं.

झालं असं. तिच्या शाळेत नववीच्या पोरापोरींना दोन दिवस बाळ सांभाळायला देतात. खरं नाही, बाहुलं. पण हातात घेतलं की अंगावर काटा येतो. वजन खऱ्या लेकराइतकं, मान तशीच लुळी, डोक्याला हात नाही दिला की किंचाळतं. भूक लागली, लंगोट ओला झाला, ढेकर अडकला की रडतं, आणि कशानं रडतंय ते आपणच ओळखायचं. पोरीच्या मनगटावर एक पट्टी बांधून देतात. ती पट्टी नसलेल्या माणसानं घेतलं तर गप्पच होत नाही. आतलं यंत्र सगळं टिपून ठेवतं. दूध कधी दिलं, किती वेळ रडू दिलं, कोणी जोरात हलवलं का. आईबाप होणं म्हणजे काय, ते पोरांना वेळेआधी समजावं म्हणून हे सारं. मुलांनाही देतात, ते मला फार आवडलं.

संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी दुपारी खुशी ते घेऊन आली. रडणं ऐकून शेजारच्या बायजाबाई मीठमोहऱ्या घेऊन धावत आल्या, दृष्ट काढून मोकळ्या झाल्या. बाहुलं आहे म्हटल्यावर म्हणाल्या, “राहू दे वं, मशीनलेही लागते नजर.” आम्ही खूप हसलो.

रविवारी हसू संपलं. पोरीच्या डोळ्याला रात्रभर डोळा लागला नव्हता. दुपारी मी गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन उतरले, तर आत बाळ टाहो फोडत होतं, दार ओढलेलं, आणि खुशी जिन्यात गुडघ्यांत डोकं घालून बसलेली.

धनश्री, मला काय झालं ते सांगता येत नाही. मी कपडे तिथंच टाकले आणि ओरडले, “आईवरच गेली वं तू! तिनंही तुले असंच टाकलं होतं!”

तिनं मान वर केली. चेहरा ओला होता, पण आवाज शांत. “आत्या, मले हेच करायला सांगितलं हाय. दूध देऊन झालं, लंगोट बदलला, ढेकर काढला, तरी रडूनच राहिलं. आपला तोल जाते असं वाटलं का बाळाले पाठीवर झोपवायचं, दार ओढायचं अन् थोडा वेळ बाहेर बसायचं. हलवायचं नाही. मॅडमनं लिहून देल्लं हाय.” मग म्हणाली, “आईनं मले टाकलं होतं म्हणजे?”

तिला आजवर आम्ही एवढंच सांगितलं होतं की तुझी आई आजारी होती, उमरेडला माहेरी गेली आणि परत आली नाही.

मी तिच्याकडे पाठ केली. कपडे गोळा करत बसले.

सोमवारी बाळ परत करताना पालकांना बोलावलं होतं. पराते मॅडमनी यंत्रातली माहिती कागदावर काढून दाखवली. रविवारी दुपारी बाळ एकटं रडत होतं, सात मिनिटं. मला वाटत होतं, अर्धा तास तरी असेल. मॅडम म्हणाल्या, “या सात मिनिटांसाठी खुशीला पूर्ण गुण. थकलेलं माणूस रागाच्या भरात लेकराला गदागदा हलवतं आणि जन्माचं नुकसान होतं. तिनं स्वतःला ओळखलं.” मी विचारलं, “अन् खऱ्या लेकराचं?” त्या म्हणाल्या, “खऱ्या लेकरासाठीच तर शिकवतो, ताई.”

शाळेबाहेरच्या बाकावर मी बराच वेळ बसून राहिले.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. खुशी तीन महिन्यांची होती. संध्याकाळ झाली की पाय पोटाशी घेऊन रडायची, आणि तू किती दिवस झोपली नव्हतीस ते मी पाहत होते. त्या दिवशी तू तिला पाळण्यात ठेवलंस आणि जिन्यात जाऊन बसलीस. मी आत आले, तिला उचललं. आई आणि पंकज घरी आल्यावर मी सांगितलं, “लेकराले टाकून तासभर बाहेर बसली होती. हिच्याजवळ लेकरू ठेवू नका.” तासभर झाला नव्हता. मी घड्याळ पाहिलं होतं, धनश्री. दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

सगळं आईवर ढकलणं सोपं आहे. तुला उमरेडला पाठवायचं तिनं ठरवलं, लेकरू ठेवून घ्यायचं तिनं ठरवलं, पुढं कोर्टात तेच ‘तासभर’ वकिलानं सांगितलं. पण तो शब्द माझा होता. मी विधवा होऊन माहेरी परतले होते, मांडी रिकामी होती, आणि तुझी पोर माझ्या खांद्यावर गप्प व्हायची. तेवढ्यासाठी मी तो शब्द बोलले. हे मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

शाळेतून परतल्यावर त्याच सोमवारी खुशीला सगळं सांगितलं. पंकजलाही. तो म्हणाला, “म्या धनश्रीले एकदाबी विचारलं नाही.” खुशी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना म्हणाली, “मले आईले भेटायचं हाय. तू लिही. खोटं तू बोलली, तर विचारायचंही तूच.”

म्हणून विचारते. पोरीला भेटशील का? माझ्यासाठी काही मागत नाही. तिला तुझ्याकडेच राहावंसं वाटलं, तर मी आडवी येणार नाही. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

तुझी गुन्हेगार,
भारती


उमरेड
दि. २७ जानेवारी २०२५

ती. भारतीताई यांना नमस्कार.

पत्र पोचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा भावाच्या मेडिकल स्टोअरमध्ये काउंटरवर होते. काम अर्धवट सोडून घरी आले.

तुमच्यावरचा राग गेलेला नाही. पत्रानं तो जाईल असं तुम्हालाही वाटलं नसेल. कोर्टात मी खरं सांगत होते आणि माझं मलाच खोटं वाटत होतं. तासभर झाला असेल, मीच वाईट असेन, असं किती वर्षं मानलं. तुम्ही घड्याळ पाहिलं होतं, हे वाचून मी मोठ्यानं रडले. माझी आई घाबरली. पण ताई, ते रडणं सुटल्याचं होतं.

मला कोणी काही शिकवलं नव्हतं. त्या दिवशी मला माझ्याच हातांची भीती वाटली, म्हणून तिला खाली ठेवलं. जिन्यात बसून शंभरपर्यंत आकडे मोजत होते. शंभर झाले की आत जायचं ठरवलं होतं.

आता दुकानात ग्राइप वॉटर मागायला पोरी येतात, डोळे खोल गेलेल्या. बाटली देताना मी विचारते, “तू झोपली का वं?” बऱ्याच जणी तिथंच रडायला लागतात. खुशीच्या शाळेत हे शिकवतात, मुलांनाही शिकवतात, हे वाचून फार बरं वाटलं. त्या मॅडमना माझा नमस्कार सांगा.

खुशी कोणाकडे राहील ते आत्ता बोलायला नको. तिला वाढवलं तुम्ही. ते मी नाकारणार नाही. येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं तिला घेऊन या. तिला एकटीला पाठवू नका, आणि स्टँडवर सोडून तुम्ही परतही जाऊ नका. घरी या, जेवा. पंकजरावांचं नंतर पाहू.

तिला तिखट चालतं की नाही, ते मला माहीत नाही. फोन करून एवढं सांगा. पाकिटावर नंबर लिहिला आहे.

वाट पाहते.

खुशीची आई,
धनश्री