दाबायचं आणि सोडायचं

सोमवार, ३
नव्या घरी आलो. तळमजला आहे, हिच्या चाकांच्या खुर्चीला एकही पायरी आडवी येत नाही. सकाळचं ऊन थेट हिच्या पलंगावर पडतं. पक्षाघाताच्या झटक्यानं उजवा हात गेल्याला पाच महिने झाले. इथे तो परत येईल असं उगाच वाटतंय. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बिनतारी गेम कंट्रोलर घ्यायला सांगितलंय. गाड्यांचा खेळ खेळता खेळता अंगठा हलेल म्हणे. मेहुणी फोनवर म्हणाली, भावजी, पन्नाशी आली, आता गाड्या गाड्या खेळा. ही हसली. अर्ध्याच चेहऱ्यानं, पण हसली.

मंगळवार, ४
दुपारी कंट्रोलर कॉम्प्युटरला जोडायला बसलो. मधलं बटण दाबून धरलं की दिवा भराभर मिचमिचतो, मग कॉम्प्युटरवरच्या यादीत त्याचं नाव येतं. दिवा मिचमिचत होता, यादी रिकामी. माझा धीर सुटला. पकड तरी बघू म्हणून तो तसाच हिच्या उजव्या मुठीत दिला. दिवा स्थिर झाला, म्हणजे जोडला गेला. झोपेपर्यंत बटणं दाबत राहिलो, पण यादी रिकामीच आणि गेम ढिम्म. औषधाच्या कागदाची ओळन् ओळ वाचणारा मी. याचं माहितीपत्रक मात्र खोक्यातच राहिलं.

बुधवार, ५
सकाळी कंट्रोलर हातात घेऊन मी चाळा म्हणून मधलं बटण दाबलं आणि पलंगावर हिचा अंगठा वाकला. दहा वेळा करून पाहिलं. दोघंही रडलो. बाईंना कळवलं नाही. का नाही कळवलं? आनंदाला दृष्ट नको म्हणून, की—

गुरुवार, ६
भाजीला गेलो, वीस मिनिटं. ही व्यायामाचे आकडे मोजत होती. परतलो तर हिचे डोळे उघडे, छाती स्थिर, कंट्रोलरचा दिवा विझलेला. काही सुचून नव्हे, हाताशी होतं म्हणून बटण दाबलं. ही "चौऱ्याऐंशी" म्हणाली आणि पुढे मोजू लागली. मधलं काही हिला ठाऊकच नाही.
माहितीपत्रक आत्ता वाचलं. पंधरा मिनिटं बटण दाबलं नाही तर आपोआप बंद. म्हणजे गेल्या दोन रात्री, मी झोपलेलो असताना, ही शेजारी—

शुक्रवार, ७
दर दहा मिनिटांनी गजर. बटणावर चिकटपट्टी लावून पाहिली. चालत नाही, दाबून सोडावं लागतं. डॉक्टर म्हणाले, तुमच्या मिसेस ठणठणीत आहेत, तुम्ही झोपा. मेहुणीला फोनवर सांगितलं. रविवारी येते म्हणाली.

शनिवार, ८
हिला सांगितलं. लपवणं पटेना. म्हणाली, राहू दे, किती दिवस दाबत बसशील. हे हीच बोलली ना? माझा अंगठा तेव्हा बटणावर होता.

रविवार
दोन गजर ऐकूच आले नाहीत. दुसऱ्या वेळी हिचे ओठ— नको.
मेहुणी वाटेत आहे. तोवर कंट्रोलर हिच्याच मुठीत. प्रत्येक आकड्याला हिनं स्वतः दाबायचं. एवढाच तर अंगठा हवा होता आम्हाला.
एकवीस. बावीस. मी हात लावलेला नाही.
तेवीस. दाबलं— सोडत नाही. अंगठा आखडला. दिवा मिचमिचतोय. सोडवतो—

सुटला. कंट्रोलर माझ्या हातात. दिवा स्थिर.
ही मोजत नाही. म्हणजे आता तो माझ्याशी जोडलाय, हिच्यापासून तुटलाय.
परत हिच्याशी जोडायचा तर बटण धरून ठेवायला हवं. धरलं की तो माझ्यापासून तुटेल आणि मी—
धरतोय. हिच्या मुठीत ठेवतोय. दार उघडं आहे. तू आलीस की आधी हे वाच. दर दहा मिनिटांनी. दाबायचं आणि सोड