गप्प राहिलेला डोळा

४ मार्च

पुन्हा आग! उजव्या डोळ्यात कुणी वाळू टाकून चोळतंय असं वाटतं. सकाळी दुकान उघडलं, पंखा लावला, की लागलं पाणी वाहायला. एक गिऱ्हाईक बाई म्हणाल्या, अहो, रडू नका, घड्याळ तसं जुनंच होतं. मला हसू आलं. पण आतून टरकलेय. वडील गेल्यापासून हे घड्याळदुरुस्तीचं दुकान माझ्या डोळ्यांवर चाललंय. डोळेच गेले तर काय, काटे चाचपून बघू?

६ मार्च

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. डोळा स्वच्छ आहे म्हणाले, थोडा कोरडा आहे, थेंब घाला. मग एवढं दुखतं का? तर म्हणे, तुम्ही फार मनावर घेता. मनावर! एक दिवस त्यांनी हा डोळा लावून हिंडून दाखवावं.

हे म्हणतात नंबर वाढला असेल. नणंदबाई म्हणतात झोप कमी पडते. फुकटचे सल्ले, घ्या हवे तेवढे.

९ मार्च

आज डोकं चालवलं. भिंग उजव्याऐवजी डाव्या डोळ्याला लावलं. आमच्या धंद्यात भिंग डोळ्याला लागलं की पापणी लवू द्यायची नाही. लवली, की चिमट्यातला स्क्रू गेलाच! वडिलांनी टपल्या मारमारून शिकवलंय. उजव्याला ते आता सोसत नाही, नुसती हवा लागली तरी भाजतं. डावा मात्र गुणी बाळ! कितीही वेळ टक लावा, हूं की चूं नाही.

१० मार्च

दिवसभर डाव्यावर काम. तुंबलेली घड्याळं निघाली. हुश्श!

१५ मार्च

 

जेवायला बसलो होतो. हे माझ्याकडे बघतच राहिले. "अगं, तुझ्या डोळ्यात केस आहे." मी उजवा चोळायला गेले. तर म्हणाले, "तो नव्हे, डावा."

आरशात पाहिलं. यंत्रातली धूळ झाडायच्या ब्रशचा केस. काळा, ताठ, बुबुळावर आडवा. तो घेऊन मी दुकानातून चालत आले, स्वयंपाक केला, शेजारणीशी गप्पा हाणल्या. मला पत्ताच नाही!

यांनी रुमालाच्या टोकाने काढला. टोक जवळ येताना दिसलं. लागलेलं कळलं नाही.  ताटं तशीच राहिली.

१६ मार्च

मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणजे आमच्या लेकीच्या वयाची पोर. तिने कापूस पिळून त्याचा धागा केला आणि टोक उजव्या बुबुळाला टेकवलं. मी खुर्चीतून उडालेच! मग डाव्याकडे वळली. तिचा हात बाजूने आला. मी समोर बघत थांबले. थांबले. शेवटी म्हटलं, "लावा ना."

ती म्हणाली, "दोनदा लावला, मावशी."



मग पिवळं औषध घालून निळ्या दिव्याखाली पाहिलं. डाव्या बुबुळावर जखम आहे, चांगली मोठी. कपाळावर कधी नागीण उठली होती का, विचारलं. उठली होती, डाव्याच बाजूला. मी तर ती विसरूनही गेले होते! त्या नागिणीनेच डाव्या डोळ्याच्या नसा मारल्या असणार म्हणे. नस मेली की डोळ्याला कोरडं पडल्याचं कळत नाही, पापणी लवत नाही, पाणी येत नाही. वरून मी त्यालाच भिंग लावून टक लावत बसले! गुणी बाळ, गुणी बाळ करत स्वतःच्या हाताने वाट लावली.

आणि उजवा? त्याच्या नसा बिथरल्यात, म्हणून वाऱ्यानेसुद्धा भाजतं. पण जिवंत आहेत. निघताना मात्र तिने दारात थांबवलं. एका बाजूची नागीण कधी कधी दुसऱ्या डोळ्याच्या नसाही मंद करते. "उजव्याचं दुखणं एकाएकी थांबलं तर बरं वाटलं म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी या."

१९ मार्च

दुकान बंद. डाव्यावर पट्टी. जखम भरली नाही तर त्याची नजर जाईल. हे त्या डॉक्टर पोरीने मला नाही, यांना सांगितलं. मी पडद्याआडून ऐकलं.

२४ मार्च

जाग आली तरी मी उजवा डोळा लगेच उघडत नाही. आधी वाट बघते. मग उघडते आणि भाजतं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडतो. हे गार पाण्याची घडी घेऊन येतात, मी नको म्हणते. यांना वाटतं, हिचं डोकं फिरलं. फिरलं असेलही. दुखू दे! मला त्या दुखण्याचा एवढा आधार वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

२९ मार्च

डाव्याची जखम तसूभर भरली, डॉक्टर पोर म्हणाली. घरी येताना वारा होता. उजव्यातून घळाघळा पाणी. रस्त्यात हसत होते मी.

३ एप्रिल

उठल्यापासून उजवा डोळा भाजलेला नाही. पंख्यासमोर जाऊन बसले, तरी नाही. हे बाहेर पेपर वाचताहेत. यांना अजून सांगितलं नाही.