मिसरेकनचं मूळ आणि उरलेल्या भाकरी

जुनी हुबळी, रविवार

ती. अनसूया अक्कास,

महादेवाचा दंडवत. गुडघा कसा आहे? एरंडाचं पान बांधतेस, की शेजारणीनं दिलेला नवा मलम चालू आहे? (काहीही चोळ, पण गच्चीवर चढू नकोस.) इकडे सगळे खुशाल आहेत; मी जरा कमी.

कारण असं, की परवा सूनबाईनं मला एक इंग्रजी शब्द दिला. शुभांगी कॉलेजात इंग्रजी शिकवते हे तू जाणतेसच. दीपश्रीच्या साखरपुड्याचं उरलेलं जेवण डब्यांत भरता भरता ती म्हणाली, "मामंजी, यू मिसरेकन्ड." आवाज इतका मऊ की मला कौतुकच वाटलं. पण जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस मी, आतलं चाक पाहिल्याशिवाय झाकण लावत नाही. तिचा जाडजूड कोश उघडला. अर्थ निघाला: हिशेब चुकणे, अंदाज फसणे. पण हा शब्द फारसा कुणी वापरत नाही म्हणे. तेवढ्यावर मी सुखावलो बघ. साध्या चुकीला तिनं साधा शब्द काढला असता. पाहुण्यांसाठी चांदीचं तबक काढतात तसा हा माझ्यासाठी काढला.

मूळही शोधलं. 'मिस' म्हणजे वाईट, चुकीचं. 'रेकन' म्हणजे मोजणं. पण फार जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ उलगडून सांगणं, क्रमानं मांडणं असाही होता. जर्मन लोकांचा हिशेबाचा शब्द याच्याच भाऊबंदांतला. म्हणजे ज्याला सरळ सांगता येत नाही त्याला मोजताही येत नाही, असा मी अर्थ लावला. (आपल्या आईनं हेच कोशाशिवाय सांगितलं असतं, हातातल्या उलथन्यासकट.) तेव्हा आता सरळ सांगतो.

आपल्याकडची रीत तुला माहीत आहे: पत्रिका दोन्ही भाषांत छापायच्या. मराठी पत्रिका मी वाटल्या, कन्नड शुभांगीनं. पुढे तुकाराम आचाऱ्यानं विचारलं, "अण्णा, पानं किती धरू?" मी मराठी घरं मोजली, कन्नड घरं मोजली, बेरीज केली, आणि ऐनवेळी येणाऱ्यांसाठी वर थोडी भर घातली. तुकाराम डोकं खाजवत म्हणाला, "गल्ली एवढी मोठी कधी झाली?" मी म्हटलं, "तू भाजीचं बघ."

रायापूरच्या कार्यालयात पहिली पंगत बसली. दुसऱ्या पंगतीला बसायला कोणी उरलंच नाही. तुकाराम माझ्याकडे बघतोय, मी दाराकडे बघतोय. मग होतं ते संपवायला मी स्वतः वाढायला निघालो, तर जो तो पानावर हात आडवा धरून "साक्री अण्णा, साक्री" करत पुरे पुरे म्हणतोय. शेवटी शेजारच्या मीनाक्षीनं गाठ सोडवली. "अहो, मराठी पत्रिका तुम्ही दिलीत, कन्नड शुभांगीनं आणून दिली. कुंकू लावून आलेली पत्रिका नको कशी म्हणायची?" म्हणजे एकेक घर माझ्या बेरजेत दोनदा जेवून गेलं होतं.

कडक भाकरी टिकतात, एवढाच काय तो देवाचा आधार. दूधवाला, पेपरवाला, इस्त्रीवाला, सगळ्यांना भाकरी मिळाल्या. इस्त्रीवाला तर आता आमच्या दारावरून जाताना पावलं उचलतो.

धाकट्यांस आशीर्वाद. गुडघा सांभाळ.

तुझा
महादेव

ता. क. खरं काम असं. दीपश्रीच्या लग्नाची कोठी माझ्याकडून काढून घेतली आहे. मला दारात गुलाबपाणी शिंपडायला उभं करणार म्हणे. एकुलती एक नात, आणि तिच्या लग्नात मी डासांचं औषध फवारणाऱ्यासारखा उभा? तू आठ दिवस आधी ये, कोठीच्या दारात खुर्ची टाकून बस. तू बसलीस की माझ्यावरही विश्वास बसेल. शुभांगीशी तूच बोल. तुझा शब्द ती मोडणार नाही.

ता. क. दुसरा. पत्ता तपासायला पत्र शुभांगीकडे दिलं, तिनं सगळंच वाचलं. म्हणाली, "आत्यांना मी कधीच फोन केलाय. कोठी त्यांच्याकडेच आहे. तुम्हाला हाताखाली घेणार आहेत, पण मोजायला काही द्यायचं नाही, अशी त्यांचीच अट आहे."

अट मान्य आहे, अक्का. फक्त दीपश्रीच्या पानात पहिली पुरणपोळी मी वाढणार, असं तिला सांगून बसलोय. तेवढी वाढू दे. एकच तर आहे.